धरा, आलेच मी

आमच्या बाळविभागात मोकळा हात दिसला की त्यात सिरिंज येते. वेळेआधी जन्मलेल्या मुठीएवढ्या बाळांना दूध ओढून पिता येत नाही. म्हणून नाकातून पोटात एक बारीक नळी, नळीला दट्ट्या काढलेली सिरिंज आणि सिरिंजमध्ये आईनं काढून दिलेलं दूध. ती छातीच्या उंचीवर धरून उभं राहायचं, दूध आपलं आपण उतरतं. हात उंच गेला तर दूध धावतं आणि बाळ ओकतं, हात खाली आला तर थांबतं. सोळा बाळं आणि पाळीला बहुतेक वेळा एकच सिस्टर. त्यामुळे आई असो, आजी असो, कोणाची आत्या असो, हात धुऊन आत आली की आम्ही तिच्या हातात सिरिंज देतो, म्हणतो, "धरा, आलेच मी," आणि पुढच्या बाळाकडे पळतो. 'आलेच' म्हणजे किती वेळ, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर आम्हालाही सांगता यायचं नाही.

माझी चिमी तेव्हा सात महिन्यांची होती. मी ड्यूटीवर असले की दुपारी सासूबाई तिला घेऊन गेटजवळच्या लिंबाखाली येऊन बसायच्या. मला निसटता आलं तर चिमीचं पोट भरायचं, नाहीतर सासूबाई तिला वाटीतलं वरणाचं पाणी पाजून परत न्यायच्या. आत मी दुसऱ्यांच्या बाळांचं दूध थेंब थेंब उतरताना बघत असायचे आणि माझा गणवेश पुढून ओला होत जायचा. सासूबाईंनी कधी बोल लावला नाही. एकदाच म्हणाल्या, "आज पोरनी तुन्ही वाट देखी देखी अंगठा चोखा." त्या रात्री मी चिमीला पाजताना तिचा तो अंगठा हातात धरून बसले होते. पांढरा पडून सुरकुतला होता.

एस्तेर सिस्टर आमच्या इन्चार्ज. खांडबाऱ्याच्या. उंच, सावळ्या, केसांची घट्ट गाठ, आणि आवाज असा की वऱ्हांड्याच्या टोकाला बिडी पेटवणारा माणूस तिथल्या तिथे विझवतो. चार बाळांमागे एक सिस्टर, आणि तेही कायद्यात लिहून, एवढीच त्यांची मागणी. त्यासाठी तीन वर्षं त्या राज्यभरच्या सिस्टरांबरोबर मोर्चे काढत होत्या, काळ्या फिती लावत होत्या, मंत्र्यांच्या दारात बसत होत्या. कोणी म्हणे, कायदा कशाला, साहेबांचा आदेश पुरे की. त्यावर त्या म्हणायच्या, "आदेश म्हणजे पाहुणा, चार दिवस राहतो आणि जातो. कायदा सुनेसारखा. एकदा माप ओलांडून आला की घरचाच."

आणि खरंच, त्या हिवाळ्यात कायद्याचा मसुदा निघाला. कोणत्या विभागात किती सिस्टर हव्यात ते ठरवायला आमदारांची एक समिती जिल्ह्याजिल्ह्यातली रुग्णालयं बघत फिरत होती. आमच्याकडे येणार म्हटल्यावर एस्तेर सिस्टरांनी आम्हाला बजावलं, "काही सजवायचं नाही. रोज जसं असतं, तसंच दिसू द्या. कळलं?"

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या.

समिती आली त्या दिवशी माझी सुट्टी होती. मी चिमीला न्हाऊ घालत होते. हात तिच्या डोक्यावर होता आणि माझं डोकं मात्र विभागात. आज आशा एकटी आहे. नवी पोर. मुंबईची माणसं काचेतून बघणार आणि हिच्या हातून दूध सांडणार, एखादं बाळ ओल्या दुपट्यात राहणार. लोक काय म्हणतील? डोंगरावरून बाया एवढ्या विश्वासानं लेकरं आणतात... मी चिमीला पुसलं, सासूबाईंकडे दिलं आणि इस्त्रीचा गणवेश चढवला. म्हटलं, दहा मिनिटं हात लावून येते.

विभागात पाऊल टाकते तर काय! रात्रपाळीची सिस्टर घरी गेलीच नव्हती. दुसरी रजेवर होती, तीही हजर. आणखी दोघी सुट्टीच्या, कडक गणवेशात, लग्नघरात करवल्या वावराव्यात तशा. कोणी कोणाला विचारून आलं नव्हतं. एकमेकींना बघून आम्ही जरा ओशाळलो, पण बाळं भुकेली होती. लागलो कामाला.

समितीच्या अध्यक्ष म्हणजे विदर्भातल्या एक आमदारबाई, पन्नाशीच्या, चष्म्याच्या. बाहेर मिरचीच्या पथाऱ्या वाळत पडलेल्या, त्या वाऱ्यानं खोकत खोकतच आल्या. काचेपलीकडून त्यांनी बघितलं. प्रत्येक बाळाशी कोणी ना कोणी. दुपटी कोरडी. आवाज नाही, धावपळ नाही.

"सोळा बाळं आणि सहा सिस्टर!" त्या म्हणाल्या. "अहो, मोठ्या शहरात नाही अशी व्यवस्था!"

"आमची टीम चांगली आहे, मॅडम," आमचे अधीक्षक साहेब हसून म्हणाले.

तेव्हा आम्ही काय करून बसलो ते मला कळलं. मी आशाकडे बघितलं, आशानं माझ्याकडे. कोणीतरी बोलायला हवं होतं. पण सहाही जणींच्या हातात सिरिंजा, आणि समिती पुढे गेलीसुद्धा.

एस्तेर सिस्टर सभागृहात साक्ष द्यायला थांबल्या होत्या. समितीचे सचिव त्यांना म्हणाले, बाळविभाग आम्ही पाहिला, तिथे अडचण दिसत नाही, तो मसुद्यातून वगळतोय. बाकी विभागांचं बोला.

त्या आल्या ते थेट दारात. आम्हा सहाजणींना त्यांनी डावीकडून उजवीकडे बघितलं, मग उजवीकडून डावीकडे.

"बायांनो," त्या हळू म्हणाल्या, कारण बाळं झोपली होती, "मी तीन वर्षं घसा कोरडा केला. आणि तुम्ही एका सकाळी इस्त्री करून आलात?"

दाराशी हात धुवायला लावणारी आमची आया मीनाबाई बोलली, "काबरं रागे भरी ऱ्हायन्यात, सिस्टर? घर पाव्हना उनात तं आपन आवरतस का नही?"

एस्तेर सिस्टरांचं तोंड रागानं उघडलं आणि हसण्यानं मिटलं. स्टुलावर टेकत त्या म्हणाल्या, "आवरतो ना, बाई. जन्मभर तेच करतोय. म्हणून तर आपला पसारा कोणाला दिसत नाही." मग हसू गेलं. "पण आता या सोळा खाटांचं नाव कायद्यात नाही. इतर विभागांना माणसं मिळतील, आणि कमी पडली की कुठून उचलतील? जिथे कायदा नाही तिथून. म्हणजे इथून."

खिडकीजवळच्या खाटेवर रमिलाबाईची मुलगी झोपली होती. धडगावच्या वरच्या पाड्यावरची रमिलाबाई महिनाभर आमच्याकडेच होती. सिरिंज धरण्यात ती आता आमच्याइतकीच तयार. तिची मुलगी मात्र अजून मधूनच श्वास घ्यायला विसरायची. अशी बाळं विसरतात. तळपायाला टिचकी मारली की आठवण होते आणि पुन्हा घेतात. फक्त टिचकी मारायला वेळेवर कोणीतरी जवळ असावं लागतं. मी तिच्याकडे बघत राहिले.

समिती शहाद्याला मुक्कामाला होती, आणि सकाळी धुळ्याला जाण्याआधी तापीकाठच्या प्रकाशा गावी देवळात दर्शन घेणार हे कळलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही दोघी तिथे पोहोचलो, एस्तेर सिस्टर आणि मी. चिमी उठून बसली होती, म्हणून कडेवर तीही. देवळाबाहेर एस्तेर सिस्टर पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. फुलवाल्या म्हाताऱ्यानं "दर्शनले जा ना मावशी" म्हटलं तर म्हणाल्या, "माझं दर्शन आत गेलंय बाबा, बाहेर यायचं आहे."

आमदारबाई घाटाच्या पायऱ्यांवर भेटल्या. पाय तापीत बुडवून आल्या होत्या, पायांचे ओले ठसे उमटत होते.

"मॅडम, काल आम्ही तुम्हाला फसवलं," एस्तेर सिस्टर म्हणाल्या.

"कोणी?"

"आम्हीच. न ठरवता." आणि त्यांनी सगळं सांगितलं. इस्त्रीसकट.

बाई हसल्या, पण मान हलवली. "सिस्टर, काल सहा होत्या म्हणून आज बोलावून एक दाखवाल. मी कशावर विश्वास ठेवू? मला बोलावून दाखवलेलं काहीच खरं नसतं, हे राजकारणात पंचवीस वर्षं शिकलेय. आणि दहाला मला धुळ्यात पोहोचायचंय."

बोलणं संपल्यासारखं झालं. चिमी माझं बोट चोखत होती. बाईंनी तिच्या गालाला हात लावला. "काय नाव?"

"चिमीच म्हणतो अजून."

"तू ड्यूटीवर असताना हिला कोण पाजतं?"

"सासूबाई गेटवर आणतात. मला जमलं तर मी."

"आणि नाही जमलं तर?"

"तर परत नेतात."

बाईंनी हात मागे घेतला. गाडीत बसल्या, गाडी निघाली. एस्तेर सिस्टर धुळीकडे बघत म्हणाल्या, "चल बेटा. तुझी ड्यूटी आहे."

त्या दिवशी रोज जसं असतं तसंच होतं. एस्तेर सिस्टर आल्या आल्या प्रसूतिगृहातून बोलावणं आलं, जुळी अडली होती, त्या तिकडे धावल्या. आशाची सुट्टी, बाकीच्या घरी. मी एकटी. चिमी, प्रकाशा, मसुदा, सगळं डोक्यातून पुसलं गेलं. दुधाची वेळ झाली होती.

आमच्याकडे आत येणाऱ्या प्रत्येक बाईला मीनाबाई चपला काढायला लावते, कोपरापर्यंत हात धुवायला लावते, हिरवा झगा, टोपी आणि मास्क घालते. एवढं घातलं की तळोद्याची सावकारीण आणि तोरणमाळची आजी सारखीच दिसते. तशी एक बाई आत आली. नुसतीच उभी होती. हात मोकळे.

"हात धुतलेत ना?" मी विचारलं.

"हो, पण मी जरा..."

"मग हे धरा, मावशी. छातीशी, अस्सं. वर नाही, खाली नाही. संपलं की नळीला चिमटा घ्या म्हणजे हवा जाणार नाही. आलेच मी."

आणि मी गेले. तिकडे एकाची सलाईन थांबली होती, दुसऱ्याचं अंग तापलं होतं, तिसरं नुकतंच जीपमधून आलेलं, गार पडलेलं, त्याला उबेत घ्यायचं होतं. मधे एकदा आवाज आला, "सिस्टर, संपलं!" मी म्हटलं, "रमिलाबाई, पुढचं द्या गं मावशींच्या हातात!" रमिलाबाईनं दिलं, आणि मावशींचा हात घसरला तसा आपल्या पावरी बोलीत काहीतरी पुटपुटत कोपराला धरून वर केला. काचेबाहेर बूट घातलेला एक माणूस घड्याळ दाखवून खुणा करत होता. मीनाबाईनं बुटांवरून त्याला अडवलं होतं. मावशींनी त्याला मानेनंच 'थांब' म्हटलं. हातातलं खाली ठेवताच येत नव्हतं ना.

"हलू नका हो मावशी!" मी दटावलं. "दूध बघा, काचेकडे काय बघता?"

"चुकलं," मावशी म्हणाल्या.

रमिलाबाई दूध काढायला शेजारच्या खोलीत गेली आणि तेव्हाच ते नवं, गार बाळ श्वास घेईनासं झालं. मी त्याच्या नाकातोंडावर मास्क धरून श्वासाची पिशवी दाबायला लागले. एक, दोन, सोड. एक, दोन, सोड. हात काढता येत नव्हता, डोळाही काढता येत नव्हता. आणि पाठीमागे, खिडकीजवळ, रमिलाबाईच्या मुलीचं यंत्र ओरडायला लागलं.

ती विसरली होती.

या क्षणाची भीती मी रोज कमरेला बांधून ड्यूटीवर येते. दोन बाळं, दोन टोकं, आणि मी एक. इकडचा हात काढला तर हे जातं, नाही काढला तर ते.

"मावशी! खिडकीजवळचं बाळ! तळपायाला टिचकी मारा!"

"मी?"

"तुम्हीच! मारा!"

डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं. डाव्या हातात सिरिंज तशीच छातीच्या उंचीवर, हललेली नाही, आणि उजवा हात लांब करून त्या वाकल्या. एक टिचकी. काही नाही. दुसरी.

"जोरात! लागू द्या तिला!"

तिसरी टिचकी बसली आणि रमिलाबाईची मुलगी चिडून, तोंड वासून, लालबुंद होऊन रडली. त्याच सुमाराला माझ्या हाताखालचं बाळ उचकलं आणि त्यानं आपला पहिला खरा श्वास ओढला. विभागात दोन रडणी एकदम. मला वाटतं, त्याहून गोड काही मी ऐकलेलं नाही. चिमीचं पहिलं रडणंसुद्धा नाही, आणि हे मी चिमीची आई म्हणून सांगते.

"वाचली का?" मावशींनी विचारलं.

"वाचली. दोन्ही वाचली. आज आपण दोघी होतो, म्हणून," मी म्हणाले.

त्यांनी खांद्यानं मास्क खाली सरकवला, कारण हात अजूनही सिरिंजला होता. चष्म्यावर वाफ धरली होती. सकाळी घाटावर ओल्या पायांनी उभ्या होत्या, त्याच.

"अगं बाई," माझ्या तोंडून निघालं. "मॅडम, मी तुम्हाला... दटावलं..."

"बरोबर दटावलंस. काचेकडे बघत होते मी."

तोवर बाहेर सचिवांमागे अधीक्षक साहेब धावत येऊन पोहोचले होते. मीनाबाईनं दार बोटभर उघडलं.

"साहेब," बाई आतूनच म्हणाल्या, "मला धुळ्याला जायचंय. उशीर झालाय. हे मी कोणाला देऊ?"

"सिस्टरकडे द्या ना, मॅडम."

"सिस्टर त्या बाळाला धरून आहे. दुसरीचं नाव सांगा."

"एस्तेर सिस्टर..."

"त्या प्रसूतिगृहात आहेत, मला दारातच कळलं. तिसरी?"

साहेबांनी विभागभर नजर फिरवली. सांगायला नावच नव्हतं. काल सहा होत्या तिथे.

माणूस वाईट नव्हता आमचा साहेब. खाली वाकून त्यानं बुटांच्या नाड्या सोडल्या. मीनाबाईनं हात धुवायला लावले, कोपरापर्यंत, आणि त्यांचे जरा जास्तच वेळ. झगा चढवून ते आत आले आणि सिरिंज घेतली.

"वर नाही, खाली नाही," बाई म्हणाल्या. "आणि काचेकडे बघू नका."

समिती त्या दिवशी धुळ्याला उशिरा पोहोचली. जाण्याआधी वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून आमदारबाईंनी एस्तेर सिस्टरांची साक्ष घेतली, आणि साहेबांनी आपणहून सांगितलं की काल आपण खरं सांगायला हवं होतं. बाळविभाग मसुद्यात परत आला. आणि सोबत एक ओळ जास्त: तपासणी न कळवता होईल.

मी मीनाबाईला विचारलं, "तू ओळखलं नाहीस का गं त्यांना दारात?"

"वळखं व्हतं मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मी सांगती तं तू तिले खुर्ची देती," ती म्हणाली आणि बादली उचलून गेली.

होळीनंतर विधानसभेत कायद्यावर मतदान झालं. त्या दुपारी एस्तेर सिस्टर मोबाईल घेऊन बाहेरच्या वऱ्हांड्यात बसलेल्या, मी आत. विभागात फोन नाही, ओरडणं नाही, बाळं दचकतात. मी एका बाळाचं दुपटं बदलत होते आणि काचेवर टकटक झाली. पलीकडे एस्तेर सिस्टर होत्या. केसांची गाठ सुटलेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि त्यांनी चार बोटं काचेला लावली होती. चार बाळांमागे एक.

मी चार बोटं वर केली. पलीकडच्या खाटेशी आशानं केली. छातीशी बाळं घेऊन बसलेल्या आयांना काय झालं ते नीट कळलंही नसेल, पण त्यांनीही एकेक करून बोटं उंच केली, जिची जितकी मोकळी होती तितकी. कोणाच्याही तोंडून आवाज नाही. वऱ्हांड्यात मीनाबाई झाडू डोक्यावर धरून, ओठ घट्ट मिटून नाचत होती. एवढा मोठा जल्लोष इतका शांत मी कधी पाहिला नाही.

नव्या सिस्टर वैशाखात आल्या. एक नवापूरची, एक लातूरची, एक थेट गडचिरोलीची. लातूरच्या पोरीला पहिल्याच दिवशी नाकाचा घोळणा फुटला ऊन लागून, मग सासूबाईंनी तिला कांदा दिला खिशात ठेवायला. रमिलाबाईची मुलगी केव्हाच घरी गेली होती. एकदा बाजाराला उतरली तेव्हा रमिलाबाई दाखवायला घेऊन आली. गालांनी डोळे झाकले जातील एवढी गुबगुबीत. मी सवयीनं तळपाय धरला. तिनं तो ओढून घेतला आणि माझ्याकडे रागानं बघितलं. बघू दे. हवा तेवढा राग धरू दे.

आणि परवा. दुपारी दुधाची वेळ होती, माझ्या हातात सिरिंज होती. काचेतून गेट दिसतं, लिंब दिसतो. सासूबाई बसलेल्या दिसल्या, आणि चिमी लिंबाच्या पाराला धरून उभी. ती उभी राहते हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं. मी पाहिलं नव्हतं.

शेजारी लातूरची पोर होती. हात मोकळे.

"धर, आलेच मी," मी म्हणाले.

"सावकाश या, ताई," ती म्हणाली. "चौघी आहोत."

चपला घालायच्या राहिल्याच. अंगण तापलेलं होतं, पाय पोळत होते, मी धावत होते. चिमीनं मला बघितलं, पार सोडला, आणि दोन्ही हात पसरून निघाली.